पत्रे ठोकण्याआधी: रुग्णालयाच्या नव्या बांधकामाविषयी लोकांशी कसं बोलावं

नागपुरातल्या मेडिकल, मेयो, डागा यांसारख्या जुन्या सरकारी रुग्णालयाच्या आवारात नवी इमारत उभी राहायची असली, की लोकांना खरा त्रास होतो तो पहिल्या काही महिन्यांत. जुनी इमारत पाडणं, झाडं काढणं, पाणी, गटार आणि विजेच्या लाइन सरकवणं, भोवती पत्रे ठोकणं, पाया खोदणं ही सगळी कामं तेव्हाच चालतात. इमारत अजून दिसत नसते; दिसते ती धूळ आणि बंद झालेलं गेट. लोकांशी बोलायचं ते या टप्प्याच्या आधी, आणि याच टप्प्याविषयी.

कायद्याने भाग पाडल्यावर बोलू, असं म्हणून थांबू नका. २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेनुसार २०,००० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते, पण अशा इमारतींना त्याच अधिसूचनेत जनसुनावणीतून सूट आहे. म्हणजे सगळे कागद नियमात असूनही शेजारच्या वस्तीला पहिली बातमी जेसीबीच्या आवाजानेच मिळू शकते. लोकांना न विचारता सुरू झालेलं खोदकाम कुठे जातं ते नागपूरने पाहिलं आहे. दीक्षाभूमीतल्या भूमिगत पार्किंगचं काम १ जुलै २०२४ च्या आंदोलनानंतर थांबवावं लागलं.

आधी दोन कागद करा. पहिल्यावर जे ठरून गेलं आहे ते: जागा, मजले, निधी, कोणती इमारत पडणार. दुसऱ्यावर जे अजून बदलता येतं ते: डंपर कोणत्या गेटने जाणार, काँक्रीट फोडणारा ब्रेकर किती वाजता चालणार, नातेवाइकांची बसायची जागा कुठे हलणार, ऑटो आणि हातगाड्या कुठे उभ्या राहणार, पाणी कोणत्या दिवशी बंद राहणार. लोकांना विचारायचं ते दुसऱ्या कागदाबद्दल. पहिला कागद सरळ वाचून दाखवा आणि ‘हे बदलणार नाही’ असं त्याच बैठकीत सांगा. ठरलेल्या गोष्टीवर मत मागितलं, की लोक दुसऱ्या बैठकीला येत नाहीत, आणि ते बरोबरच करतात.

सर्वांत मोठी चूक म्हणजे बैठकीत नव्या इमारतीचं रंगीत चित्र लावणं. त्यात काच चमकते, हिरवळ असते, माणसं हसत चाललेली असतात. तास त्यावरच जातो आणि गेटचा विषय राहून जातो. त्याऐवजी आवाराचा १:२०० चा नकाशा टेबलावर पसरा, सोबत रंगीत पेन ठेवा. रोज त्या बोळातून जाणारा माणूस ‘इथं नाली आहे, गाडी फसते’ असं बोट ठेवून सांगतो, ते कोणत्याही सर्वेक्षणात मिळत नाही.

आकडेही लोकांच्या मापात सांगा. ‘९,६०० घनमीटर उत्खनन’ ऐकून कुणाला काही कळत नाही. ६० मीटर लांब, ४० रुंद, ४ खोल खड्डा धरा. जमिनीतली माती बाहेर आली की सुमारे पाव पटीने फुगते, म्हणजे १२,००० घनमीटर. एका हायवात (मोठ्या डंपरमध्ये) साधारण १४ घनमीटर बसतात, म्हणजे जवळपास ८६० फेऱ्या. महिनाभरात उरकायचं तर रोज २९. दहा तासांच्या दिवसात जाणारी आणि येणारी धरून दर दहा मिनिटांनी एक गाडी दारावरून जाणार. हे वाक्य बोललात की शाळा सुटायची वेळ, भाजीबाजाराचा दिवस, अरुंद वळण सगळं आपोआप पुढे येतं. मग डंपर बंद ठेवायच्या वेळा तिथल्या तिथे ठरवता येतात.

कुणाला विचारायचं

शेजारची वस्ती सगळ्यांच्या लक्षात असते. मेडिकल असेल तर हनुमाननगर, रामबाग, इमामवाडा, अजनी. मेयो असेल तर मोमिनपुरा आणि सेंट्रल अव्हेन्यूवरचे दुकानदार. विसरली जातात ती माणसं वेगळी. १०८ रुग्णवाहिकेचे चालक: अपघात विभागाकडे वळण बदललं की त्यांना आदल्या दिवशी नव्हे, आठवडाभर आधी कळायला हवं, आणि नव्या वळणावरून एकदा रिकामी गाडी फिरवून पाहायला हवी. ऑक्सिजनचा टँकर: टाकीपर्यंतच्या रस्त्यात पत्र्याचा एक कोपरा पुढे आला तरी तो लांब टँकर वळत नाही. परिचारिका आणि सफाई कामगार: रात्री कोणत्या वॉर्डाच्या खिडक्या उघड्या असतात हे त्यांनाच माहीत. शवागृहाकडे जाणारी वाट खड्ड्याच्या कडेने, सिमेंटच्या पोत्यांमधून काढू नका. माणूस गमावलेल्या कुटुंबाला तिथून चालावं लागतं. ही वाट वेगळी आखा आणि नकाशावर दाखवा.

आणि नातेवाईक. बालाघाट, छिंदवाडा, गडचिरोली, गोंदियाहून पेशंट घेऊन आलेला माणूस संध्याकाळच्या बैठकीला येणार नाही. त्याला केसपेपरच्या रांगेत, औषधाच्या खिडकीपाशी, झाडाखाली पसरलेल्या चटईवर जाऊन विचारावं लागतं. तीन प्रश्न पुरेत: रात्री कुठे झोपता, पाणी कुठून आणता, कोणत्या गेटने येता. दोन कार्यकर्ते सकाळी ८ ते ११ या वेळेत तीन दिवस फिरले तर शंभरावर माणसांशी बोलणं होतं. मराठी आणि हिंदी दोन्ही लागतील. मेयोच्या बाजूला सूचना उर्दूतही लावा.

चहा-पोह्याच्या गाड्यांना ‘उद्या हलवा’ म्हणता येत नाही. फेरीवाल्यांच्या २०१४ च्या कायद्यात हलवण्याआधी ३० दिवसांची नोटीस आहे. शिवाय रात्री बाराला नातेवाइकाला चहा तिथेच मिळतो. त्यांना पर्यायी जागा दाखवूनच पत्र्याची रेघ आखा.

केव्हा आणि कसं

पहिली बैठक पत्रे ठोकण्याच्या किमान सहा आठवडे आधी घ्या. मे महिन्यात दुपारी नाही. ४५ अंशांत कुणी येत नाही, संध्याकाळी साडेसहा ठीक. डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन असलं की अधिकारी आणि पोलीस दोघेही मिळत नाहीत. मारबतीच्या मिरवणुकीच्या आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या गर्दीत डंपर बंद राहतील हे वेळापत्रकातच लिहा. झाडं काढायची असतील तर १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली जाहीर नोटीस लागते, तिच्यावर हरकतीला सात दिवस मिळतात. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षांवरचं झाड वारसा वृक्ष धरलं जातं. म्हणून झाडांची यादी वयासकट बैठकीतच ठेवा. झाडावर चिकटवलेल्या कागदावरून लोकांना कळणं हे अपमानास्पद वाटतं.

एक मोठी सभा घेण्यापेक्षा पंचवीस-तीस जणांच्या चार बैठका घ्या, समाजभवनात किंवा बुद्धविहारात. समोर साइट इंजिनिअर आणि मेट्रन (मुख्य परिचारिका) हवेत. जनसंपर्कवाला एकटा पाठवू नका. जे बोललं जाईल ते भिंतीवरच्या चार्टपेपरवर, बोलणाऱ्याच्या शब्दांत, सगळ्यांसमोर लिहा. ‘नोंद घेतली’ हे उत्तर बंद. दहा दिवसांत तीन रकान्यांचा कागद त्याच भिंतीवर लागला पाहिजे: काय सुचवलं, काय ठरलं, नाही ठरलं तर का.

धूळ, आवाज, तडे

धुळीबद्दल बोलताना ‘थोडा त्रास होईल’ म्हणू नका. जुन्या भिंती आणि छत फोडलं की धुळीबरोबर ॲस्परजिलस बुरशीचे बीजाणू उडतात. ते दोन-तीन मायक्रॉनचे, म्हणजे अतिशय बारीक, म्हणून बराच वेळ हवेत तरंगतात. धडधाकट माणसाला त्याचं सहसा काही होत नाही. केमोथेरपी घेणाऱ्या किंवा प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णाच्या फुप्फुसात ते जिवावर बेततात. म्हणून पाडकामाच्या तोंडाशी असलेल्या वॉर्डातले असे रुग्ण आधी हलवायचे, त्या बाजूच्या खिडक्यांच्या फटी टेपने बंद करायच्या, एसीची हवा ओढायची जागा तपासायची. फोडताना पाण्याचा फवारा सतत हवा. सकाळी एकदा शिंपडून भागत नाही. उन्हाळ्यात आपल्याकडे शिंपडलेलं पाणी अर्ध्या तासात सुकतं. छतावर सिमेंटचे जुने पत्रे असतील तर त्यांत ॲस्बेस्टॉस (फुप्फुसाला घातक तंतू) असतं असं धरूनच चाला: फोडायचे नाहीत, ओले करून बोल्ट काढून अख्खे उतरवायचे. मलबा उतरतानाच वेगळा करा. काँक्रीट, माती, विटा-मसाला, लोखंड-लाकूड-प्लास्टिक असे चार ढीग.

आवाजाचं गणित स्पष्ट आहे. २००० च्या ध्वनी नियमांनुसार रुग्णालयाभोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून घोषित करता येतो. तिथे मर्यादा दिवसा ५० डेसिबल, रात्री ४०. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत आवाज करणारी बांधकाम यंत्रं शांतता क्षेत्रात चालवताच येत नाहीत. ‘स्लॅब अर्धवट सोडता येत नाही’ हे कारण नेहमी येतं. त्यावर उपाय म्हणजे काँक्रीट सकाळी लवकर सुरू करणं. ब्रेकरसाठी दिवसातही दोन ठरावीक वेळा ठेवा, उदाहरणार्थ ९ ते १२ आणि ४ ते ६. मधल्या वेळात रुग्ण झोपतो.

तड्यांवरून भांडण हमखास होतं, कारण नागपूरच्या काळ्या मातीत तडे ऋतूप्रमाणे हलतात. मेमध्ये माती आकसते, तडा उघडतो. ऑगस्टमध्ये फुगते, तडा मिटतो. उन्हाळ्यात खोदकाम सुरू झालं तर प्रत्येक तडा डंपरच्या नावावर जातो, आणि कंत्राटदार प्रत्येक तडा मातीच्या नावावर टाकतो. म्हणून ५० मीटरच्या आतल्या प्रत्येक घराची कामाआधी पाहणी करा. तड्याला लागून स्टीलची पट्टी धरून फोटो, टोकाला पेन्सिलची आडवी खूण आणि तारीख, मोठ्या तड्यावर प्लास्टरने चिकटवलेली काचपट्टी. भिंत हलली की काच तडकते, वाद उरत नाही. फोटोंची एक प्रत सहीनिशी घरमालकाला द्या. पावसाळ्यानंतर तीच पाहणी पुन्हा करा.

पाण्याचंही लिहून ठेवा. जुन्या आवारात नकाशातली लाइन आणि जमिनीतली लाइन एका जागी क्वचितच सापडते, त्यामुळे यंत्र लावण्याआधी हाताने चाचणी खड्डे घ्या. पाणी बंद ठेवायचं तर ७२ तास आधी सूचना द्या, आणि डायलिसिसला वेगळा टँकर ठेवा. पाया जूनच्या मध्यापर्यंत जमिनीच्या वर आला नाही तर खड्ड्यात तळं होतं. ते गढूळ पाणी गटाराच्या चेंबरमध्ये सोडलं की गाळ बसून मागची गल्ली तुंबते. २३ सप्टेंबर २०२३ चा पूर पाहिलेली माणसं हा प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत विचारतील. आधी गाळ खाली बसू द्यायची टाकी, मग पंप, असं उत्तर तयार ठेवा. साचलेलं पाणी दर सात दिवसांच्या आत उपसा, नाहीतर रुग्णालयाच्या दारातच डेंग्यूचे डास होतील.

फलक आणि वही

फलक गेटवर, डोळ्यांच्या उंचीला, मोठ्या अक्षरांत:

‘सोमवार दि. __ पासून गेट क्र. २ बंद. अपघात विभागासाठी गेट क्र. १. तोडफोड: सकाळी ९ ते १२, दुपारी ४ ते ६. रविवारी बंद. तक्रार: पहारेकऱ्याच्या टेबलावरची वही, किंवा हा फोन ____.’

एवढंच. उद्घाटनाचे फोटो या फलकावर नकोत.

वहीत रकाने पाच: वेळ, काय झालं, कुठे, कुणी पाहिलं, काय केलं आणि किती वाजता. चालू असलेल्या धुळीची किंवा आवाजाची तक्रार दोन तासांत तपासली गेली पाहिजे, कारण संध्याकाळी गेलात तर धूळ खाली बसलेली असते. फोन उचलणाऱ्याला काम थांबवायचा अधिकार लेखी द्या. तो नसेल तर वही भरत जाते आणि ब्रेकर चालूच राहतो.

शेवटचा कागद बहुतेक ठिकाणी राहून जातो. पाडकाम आणि खोदकाम करणारा कंत्राटदार पाया झाला की निघून जातो, इमारतीचा दुसरा येतो आणि ‘मला कुणी काही सांगितलं नव्हतं’ म्हणतो. म्हणून बैठकांत दिलेला प्रत्येक शब्द (डंपर आणि ब्रेकरच्या वेळा, गेट, डंपरचा मार्ग) मुख्य निविदेच्या अटींमध्ये जोडपत्र म्हणून घाला, आणि वही व तड्यांचे फोटो नव्या कंत्राटदाराला वस्तीतल्या दोन प्रतिनिधींच्या समक्ष सही घेऊन सोपवा.