भग्नावशेष आणि अभयारण्य एकाच रोड ट्रिपमध्ये? या चुका टाळा

एकीकडे जुन्या नगरीचे अवशेष, तिथून दोन-तीन तासांवर अभयारण्य, आणि हाताशी तीन-चार दिवसांची सुट्टी. नकाशावर हे फार सोपं दिसतं. आमची पहिली अशी सहलही कागदावर सोपीच होती: सकाळी आरामात आवरून अवशेष, दुपारी निघायचं, संध्याकाळची सफारी.

प्रत्यक्षात आम्ही दहा वाजता त्या दगडांमध्ये पोहोचलो तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. अकराच्या सुमारास धाकटीनं चालायचं नाकारलं. सासरे पन्नासेक पायऱ्या चढून एका पडक्या ओवरीत बसले, ते तासभर उठू शकले नाहीत. तिथून उशिरा निघालो आणि अभयारण्याच्या फाटकाशी पोहोचलो तेव्हा संध्याकाळच्या शेवटच्या गाड्या आत जाऊन पाऊण तास झाला होता. मुलगी फाटकाचे गज धरून आत बघत उभी होती. समोर धुळीत चाकांचे ताजे ठसे होते, बाकी काही नाही. तिला परत गाडीत बसवताना मला फार वाईट वाटलं, कारण चूक सगळी आमच्या आखणीची होती.

त्यानंतर अशा बऱ्याच सहली केल्या. काय चुकतं ते आता नीट कळतं.

एका सकाळीवर दोन्हींचा भार टाकणं

ही सगळ्यात मोठी चूक, आणि पुढच्या निम्म्या अडचणी तिच्यातूनच निघतात. अवशेषांनाही सकाळच लागते आणि जंगलालाही.

जुन्या वास्तूंची लाकडी छतं कधीच नाहीशी झालेली असतात. उरतात त्या भिंती, जोती आणि फरसबंदी. सावली नसते आणि दगड दुपारपर्यंत तापत जातो. शिवाय सकाळच्या तिरप्या उन्हात कोरीवकामाच्या कडांना सावल्या मिळतात, म्हणून शिल्प उठून दिसतं. तेच शिल्प भर दुपारी सपाट वाटतं. जंगलातही बरेचसे प्राणी पहाटे आणि सांजवेळी हिंडतात, दुपारी दाट सावलीत किंवा पाण्याजवळ पडून राहतात. त्यामुळे एका दिवसात दोन्ही कोंबलं की एकाच्या वाट्याला हमखास वाईट वेळ येते.

उपाय साधा आहे. दोघांना एकेक स्वतंत्र सकाळ द्या. पहिल्या दिवशी अवशेषांच्या गावी मुक्कामाला पोहोचा. दुसऱ्या दिवशी दार उघडताच आत शिरा, साडेदहापर्यंत बाहेर पडा, विश्रांती घेऊन दुपारी प्रवास करा. तिसऱ्या दिवशी पहाटेची सफारी. यात दोन रात्री जातात. एकच रात्र हाताशी असेल तर दोहोंपैकी एकच जागा निवडा, असं मी आता ठामपणे सांगते.

याला अपवाद आहेत, पण ते जागेचा स्वभाव माहीत असेल तरच वापरता येतात. श्रीलंकेत पोलोन्नरुवाचे अवशेष आणि मिन्नेरियाचं राष्ट्रीय उद्यान जवळजवळ आहेत. कोरड्या ऋतूत मिन्नेरियाच्या जुन्या तलावाचं पाणी मागे हटतं, उघड्या पडलेल्या तळावर कोवळं गवत उगवतं आणि हत्तींचे कळप तिथे दुपार उतरताना जमतात. ऑगस्ट-सप्टेंबर हा त्याचा भर. तिथे सकाळी अवशेष आणि दुपारनंतर हत्ती हा एकाच दिवसाचा बेत खरोखर जमतो.

बंदचा वार न बघणं

अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी, ताजमहाल शुक्रवारी. ताडोब्याचा गाभा (कोअर) विभाग, म्हणजे आतलं सगळ्यात जास्त राखलेलं जंगल, मंगळवारी बंद असतो. भारतातल्या बहुतेक व्याघ्र प्रकल्पांचे गाभा विभाग पावसाळ्यात बंद ठेवतात. काझीरंगाही पावसाळ्यात बंद असतं, कारण ब्रह्मपुत्रेच्या पुराचं पाणी उद्यानात शिरतं. आखणी करताना सगळ्यात आधी वार आणि महिना बघा, मग मुक्कामाचं आरक्षण. तेही त्या त्या जागेच्या अधिकृत संकेतस्थळावरून, जुन्या प्रवासवर्णनावरून नको.

आपली गाडी आत जाईल असं धरून चालणं

दक्षिण आफ्रिकेच्या क्रूगर उद्यानात तुम्ही स्वतःची गाडी चालवत हिंडू शकता. डांबरी रस्त्यावर ताशी ५० आणि कच्च्या रस्त्यावर ४० किलोमीटरची मर्यादा असते आणि नेमलेल्या जागा सोडून गाडीतून उतरायला मनाई असते. भारतातल्या व्याघ्र प्रकल्पांत मात्र गाभा विभागात सहसा तिथलीच नोंदणीकृत जिप्सी किंवा कँटर (बसएवढी मोठी उघडी गाडी) घ्यावी लागते, सोबत गाइड असतो, आणि आरक्षण करताना दिलेलं मूळ ओळखपत्र फाटकावर दाखवावं लागतं. सहा जणांच्या कुटुंबातल्या एकाचं ओळखपत्र मुक्कामाच्या खोलीत राहिलं तर पहाटे पाच वाजता सगळ्यांचाच खोळंबा होतो. आदल्या रात्री सगळी कार्डं एका पाकिटात घालून ते पाकीट बुटांत ठेवा, म्हणजे बूट घालताना हाताला लागेलच.

अंतर किलोमीटरमध्ये मोजणं

फोन सांगतो चार तास. तो वेळ न थांबणाऱ्या गाडीचा असतो. लहान मुलं आणि वयस्कर माणसं सोबत असली की मी त्यात तिसरा हिस्सा वाढवते. दर दोन तासांनी किमान पंधरा मिनिटं थांबायचं, हा नियम चालकाला झोप येत नसली तरी पाळायचा. ताशी ९० च्या वेगानं गाडी सेकंदाला २५ मीटर जाते. चार सेकंदांची डुलकी म्हणजे शंभर मीटर रस्ता कोणी न बघता गेला. पहाटे सफारी, दुपारी जेवण आणि लगेच परतीचा लांब रस्ता, हा क्रम म्हणूनच मला सगळ्यात धोक्याचा वाटतो. सफारीच्या दिवशी चालकाला दुपारी तासभर झोपू द्या.

अभयारण्याच्या आसपास मोबाइलची रेंज जाते. जीपीएस रेंजशिवाय चालतं, पण नकाशा आधी उतरवून ठेवलेला नसेल तर पडद्यावर कोऱ्या पाटीवरचा एक ठिपका तेवढा दिसतो. शेवटच्या मोठ्या गावात इंधन भरून घ्या.

गाडीतल्या गाडीत होणाऱ्या चुका

सगळं सामान आणि सगळी माणसं भरल्यावर टायरमध्ये रोजची हवा पुरत नाही. बऱ्याच गाड्यांत चालकाच्या दाराच्या चौकटीवर एक स्टिकर असतं, त्यावर भरलेल्या गाडीचा वेगळा आकडा दिलेला असतो. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासा. तासभर पळालेल्या गाडीचे टायर तापलेले असतात, आतली हवा प्रसरण पावते, आकडा वाढलेला दिसतो. तो बघून हवा कमी करू नका, टायर निवल्यावर ती कमी पडेल. स्टेपनीची हवाही बघा, आणि स्टेपनी सामानाच्या डोंगराखाली गाडलेली नसेल असं सामान लावा.

मुलांना गाडी लागते ती बहुतेकदा मोबाइल किंवा पुस्तक बघताना. डोळे सांगतात की आपण स्थिर आहोत आणि आतला कान सांगतो की हलतोय, त्यातून मळमळ होते. दूर क्षितिजाकडे बघायला लावा, काच थोडी उघडा. उलटीचं औषध द्यायचं तर डॉक्टरांना विचारून, आणि निघण्याच्या आधी. मळमळ सुरू झाल्यावर दिलेलं औषध पोटात टिकत नाही.

आणि पाच मिनिटांसाठीसुद्धा झोपलेल्या मुलाला बंद गाडीत ठेवून तिकीट काढायला जाऊ नका. उन्हात उभ्या गाडीतलं तापमान पहिल्या दहा मिनिटांतच साधारण दहा अंश सेल्सिअसनं वाढू शकतं आणि काच थोडी उघडी ठेवल्यानं विशेष फरक पडत नाही.

वाटेत इंजिन तापलं तर

तापमानाचा काटा वर चढताना दिसला की एसी बंद करा आणि हीटर पूर्ण चालू करा. आत उकडेल, पण इंजिनची उष्णता त्या वाटेनं बाहेर पडते. सुरक्षित जागा दिसताच बाजूला थांबून इंजिन बंद करा आणि सगळ्यांना सावलीत न्या. रेडिएटरचं झाकण तापलेलं असताना मुळीच उघडू नका, आतलं दाबाखालचं उकळतं पाणी तोंडावर उडतं. पूर्ण निवल्यावरच कूलंटची पातळी बघा.

हेच जंगलातल्या रस्त्यावर झालं किंवा टायर पंक्चर झाला, तर गाडीतून उतरू नका. काचा लावा, उद्यानाचा आपत्कालीन क्रमांक लावा, रेंज नसेल तर पुढची गाडी येईपर्यंत थांबा. तो क्रमांक फाटकावरच कागदावर लिहून घ्यायचा असतो.

अवशेष बघताना मुलांना फक्त चालवणं

जागा किती पसरलेली आहे याचा अंदाज तिकीट खिडकीपाशी येत नाही. जॉर्डनच्या पेट्रात ती प्रसिद्ध कोरीव दर्शनी वास्तू दिसायच्या आधी सुमारे १.२ किलोमीटरची अरुंद घळ चालावी लागते आणि वरच्या मठापर्यंत आणखी आठशेच्या आसपास पायऱ्या आहेत. तेवढंच परतही यायचं असतं. सगळं बघायचा हट्ट सोडा. तीन जागा ठरवा, लांबची आधी करा, परतताना जवळच्या. बाबागाडी फरसबंदीवर चालत नाही, पाठीवरची झोळी न्या. वयस्करांसाठी घडीचं स्टूल न्या. त्यांच्यासोबत एक जण खालीच थांबेल हे आधी ठरवा, आयत्या वेळी ठरवलं की कोणीतरी हिरमुसतं.

राजांची नावं आणि सनावळ्या मुलांच्या कानावरून जातात. त्यांना माणसाच्या हाताच्या खुणा दाखवा. एका ठिकाणी खडकाच्या कडेला ओळीनं चौकोनी खाचा होत्या, एकमेकींपासून वीतभर अंतरावर. मुलीनं विचारलं, ही कसली भोकं? पाथरवट अशा खाचांत पाचरी ठोकत आणि खडक त्या रेषेत फुटत असे. इथे मात्र खाचा पाडून झाल्या होत्या आणि दगड फोडायचा राहिला होता. ती खडकाशी बसून प्रत्येक खाच मोजत राहिली, अठरा भरल्या. मग सगळ्या भिंतींवर ती अर्धवट कापलेल्या खाचा शोधत हिंडली आणि पाय दुखतात हे तिला आठवलंच नाही. इटलीतल्या पोंपेईत अशीच खूण रस्त्यात आहे: गाड्यांच्या चाकांनी दगडात पडलेल्या खोल चाकोऱ्या, आणि रस्ता ओलांडायला मध्ये ठेवलेले उंच दगड. त्या दगडांच्या फटींतून चाकं जायची. हे दाखवलं की रिकाम्या रस्त्यावर मुलांना गाडी दिसू लागते.

‘हात लावू नको’ एवढंच सांगणं हीही चूकच, कारण ते पाच मिनिटं टिकतं. कारण सांगा. फ्रान्समधल्या लास्को गुहेतली चित्रं हजारो वर्षं टिकली, १९४० मध्ये सापडली, आणि १९६३ मध्ये गुहा पर्यटकांसाठी बंद करावी लागली, कारण माणसांच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि दमटपणा भिंतींना सोसेना. श्वासानं एवढं होतं, तर घामट हातांनी काय होईल, हे सात-आठ वर्षांच्या मुलाला लगेच कळतं.

उन्हात कोणी बरळायला लागलं, अंग तापलं, तोल जाऊ लागला, तर तो साधा थकवा नाही. सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला, आणि डॉक्टरांना बोलवा.

वाघ दाखवायचं वचन देणं

घरून निघताना ‘वाघ बघायला चाललोय’ म्हटलं की वाघ न दिसलेली प्रत्येक मिनिट फुकट गेल्यासारखी वाटते. मुलं कंटाळतात, मोठे गाइडवर चिडतात, गाडी एका बातमीवरून दुसरीकडे पळत सुटते. ‘जंगल बघायला चाललोय’ म्हणा, आणि बघायचं म्हणजे काय ते शिकवा. मांजरकुळातले बहुतेक प्राणी चालताना नखं आत ओढून घेतात, म्हणून वाघ-बिबट्याच्या पगमार्कमध्ये, म्हणजे पावलाच्या ठशात, नखांच्या खुणा उमटत नाहीत. कुत्रा, कोल्हा, तरस यांच्या ठशांत त्या दिसतात. शिकारी प्राण्याची चाहूल लागली की बाकीचे प्राणी इशाऱ्याचा आवाज काढतात, त्याला कॉल म्हणतात. चितळ किंवा वानर लहानसहान गोष्टींनीही कॉल देतात, सांबरानं कॉल दिला तर गाइड त्यावर जास्त भरवसा ठेवतात. गाडी थांबवून इंजिन बंद केलं की हे ऐकू येतं. मुलांच्या हातात आठ पटींची दुर्बीण द्या. जास्त पटींची मोठी दुर्बीण त्यांच्या हातात हलते आणि काहीच दिसत नाही.

हत्ती समोर आला तर मात्र इंजिन चालू ठेवा आणि अंतर राखा. कान पसरून, डोकं वर करून तो तुमच्याकडे वळला तर सावकाश मागे घ्या, हॉर्न वाजवू नका. डोळा आणि कान यांच्यामध्ये काळा ओला ओघळ दिसला तर तो नर माजावर आहे, त्याला सगळा रस्ता मोकळा द्या. माकडांना खायला घालू नका. एकदा सवय लागली की ती पुढच्या गाडीच्या खिडकीतून हात घालतात.

त्याच अभयारण्यात आम्ही दोन वर्षांनी परत गेलो, या वेळी पहाटे. वाघ दिसला नाही. पण एका वळणावर गाइडनं गाडी थांबवली आणि धुळीकडे बोट केलं. पुढे गेलेल्या गाडीच्या चाकाची नक्षी होती आणि तिच्यावर स्पष्ट, गोल, नखांशिवायचा ठसा. मुलगीच आधी म्हणाली, ‘ठसा वर आहे, म्हणजे तो गाडीनंतर गेलाय.’ गाइडनं मान हलवली. आम्ही वीस मिनिटं इंजिन बंद करून तिथेच बसलो. दूर कुठेतरी सांबरानं दोनदा कॉल दिला, आणि तिनं माझा दंड घट्ट धरला.