बहुरूपी जाती ओळखताना या चुका टाळा

बडोद्यात पावसाळा लागला की फुलपाखरांचे फोटो काढणाऱ्यांची नवी फळी तयार होते, आणि दर वर्षी तेच घोटाळे. एकाच जातीच्या दोन रूपांच्या दोन जाती करायच्या, नाहीतर दोन वेगळ्या जाती एकाच नावाखाली घालायच्या.

सगळ्यात जास्त फसगत होते ती कॉमन मॉर्मन या फुलपाखरात. नर काळा, मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची आडवी ओळ. मादी मात्र तीन रूपांत येते: एक नरासारखीच, दुसरी 'कॉमन रोज' फुलपाखरासारखी, तिसरी 'क्रिमझन रोज' फुलपाखरासारखी. या दोन्ही 'रोज' फुलपाखरांच्या अळ्या ईश्वरीच्या वेलावर वाढतात, त्या वेलातलं विष त्यांच्या अंगात उतरतं, म्हणून पक्षी त्यांच्या वाटेला जात नाहीत. मॉर्मनच्या मादीकडे विष नाही, नुसता वेश आहे. माझं सांगणं एकच: आधी अंग बघा, मग पंख. 'रोज' फुलपाखराचं डोकं आणि पोट लाल असतं, मॉर्मनचं काळं.

मागे मांजलपूरच्या एका अंगणात आमच्यातल्या एका उत्साही मुलाने यादीत लिहिलं, 'क्रिमझन रोज, कढीपत्त्यावर अंडी घालताना'. फोटो सुरेख होता, कोवळ्या पानावर टेकलेलं काळंभोर पोटसुद्धा स्पष्ट दिसत होतं. मी म्हटलं, "अरे, क्रिमझन रोज कढीपत्त्यावर अंडी कशाला घालेल? अळी उपाशी मरेल तिथे." तर म्हणे, "काका, पण फोटोवरून नाव सांगणारं ॲप तर क्रिमझन रोजच म्हणतंय." मग घरमालकीणबाईंना विचारून ती फांदी घरी आणली आणि त्यालाच सांभाळायला लावली. अळ्या आधी पक्ष्याच्या शिटेसारख्या, मग हिरव्यागार. डिवचलं की डोक्यामागून लाल शिंगं बाहेर. कोषही काही हिरवे, काही तपकिरी. शेवटी त्यातून कॉमन मॉर्मनचे नर तर निघालेच, पण एकाच आईच्या दोन मुली दोन तऱ्हेच्या निघाल्या: एक थेट आईसारखी, दुसरी नरासारखी. त्या दिवसापासून तो मुलगा ॲपच्या उत्तरावर थांबत नाही.

या माद्या एकाच जातीच्या आहेत हे निसर्गअभ्यासक वॉलेसने 1865 मध्येच मांडलं होतं. कोणता वेश चढणार हे 'डबलसेक्स' नावाचं एकच जनुक ठरवतं, हे 2014 मध्ये फुलपाखरांचे अभ्यासक कृष्णमेघ कुंटे आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. एवढं काम झालेलं असताना पहिल्या फोटोवर नाव ठोकून मोकळं व्हायची घाई मला पटत नाही. ॲप पंखांचा नमुना जुळवतं, आणि इथे फसवायला नेमका तोच बनलेला आहे.

दुसरी चूक तारीख न लिहिण्याची. कॉमन इव्हनिंग ब्राऊन या फुलपाखराचं पावसाळी रूप पंख मिटून बसलं की डोळ्यांसारखी वर्तुळं ठसठशीत दिसतात. कोरड्या दिवसांतल्या रूपात ती जवळजवळ नाहीशी होतात, पंख वाळक्या पानासारखे दिसतात आणि टोकाला आकड्यासारखे वळतात. अळी वाढताना हवा किती उबदार आहे, त्यावर हे बरंचसं ठरतं. तारखेशिवाय असा फोटो मला पाठवला तर मी नाव सांगत नाही.

बाकीच्या थोडक्यात. डॅनेड एगफ्लाय या फुलपाखराची मादी प्लेन टायगर या फुलपाखराची नक्कल करते. मागच्या पंखाच्या मधोमध काळे ठिपके असतील तर टायगर, वरच्या कडेला एकच असेल तर एगफ्लाय. खंभातच्या आखातात पांढरा बगळा दिसला की लगेच 'छोटा बगळा' लिहू नका. रीफ एग्रेट हा दुसरा बगळा गडद राखाडीही असतो आणि पांढराही. त्याची चोच जाड आणि पिवळट-तपकिरी, छोट्या बगळ्याची बारीक आणि काळी. लांब शेपटीचा तांबूस स्वर्गीय नर्तक पक्षी ही मादी नव्हे, मादीची शेपटी आखूड असते. काळा बिबट्या म्हणजे वेगळा प्राणी नव्हे, तिरप्या उन्हात त्याचेही ठिपके दिसतात.

झाडांतलं नेहमीचं उदाहरण दारातल्या पपईचं. तिच्यात नर, मादी आणि उभयलिंगी अशी तीन तऱ्हेची झाडं असतात. उंची किंवा पानं बघून 'हे नर आहे' म्हणत रोप उपटणारे शेजारी मी पाहिलेत, त्याचा फार राग येतो. नराची फुलं लांब देठांवर झुपक्यांनी लोंबतात, मादीची खोडालगत पानांच्या बेचक्यात येतात. एका खड्ड्यात तीन-चार रोपं लावा आणि फुलं दिसेपर्यंत एकालाही हात लावू नका.