गणपती गेल्यावर, छाटणीच्या आधी: दोघांनीच समुद्रकाठचा युरोप

द्राक्षबाग असलेल्या घरातल्या नवरा-बायकोला युरोपला जायचं असेल तर वर्षात एकच फट सापडते. एप्रिलची खरड छाटणी, मग काडी तयार होईपर्यंतची कामं, पावसाळ्यात डावणी या बुरशीच्या रोगासाठी फवारण्या. ऑक्टोबरची गोडी छाटणी एकदा सुरू झाली की माल निघेपर्यंत बागेतून पाय निघत नाही. म्हणून आम्ही नाशिकच्या दिंडोरी रोडवरची बाग भाच्याच्या हवाली करून सप्टेंबरात जातो: अनंत चतुर्दशी झाली की निघायचं आणि घटस्थापनेच्या आत घरी. पितृपक्षात कुठे निघता म्हणून सासूबाई नाराज होत्या. सासऱ्यांच्या तिथीचं श्राद्ध घालून निघालो, मग त्यांनीच बॅगेत मेतकूट भरून दिलं. अधिक महिना आला की हे सगळं पुढे सरकतं. त्या वर्षी गणपतीच्या आधीच जाऊन या.

सप्टेंबर तिकडेही उत्तम. १५ ऑगस्टच्या आसपास सगळी इटली सुट्टीवर असते, समुद्रकाठी पाय ठेवायला जागा नसते. सप्टेंबरात ती गर्दी ओसरते, पाणी उबदार असतं आणि डोंगरावर द्राक्षतोडणी चालू असते. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात मात्र त्या किनाऱ्यावर जाऊ नका, शरदातला पाऊस तिथे फार वाईट कोसळतो.

पंधरा दिवसांत सात देश दाखवणारी सहल मी कुणालाच सुचवणार नाही. सकाळी सहाला बॅगा दाराबाहेर, दिवसभर बस, आणि नवरा-बायको शेजारी बसून एकमेकांशी बोलायचे राहून जातात. दोघांनीच जायचं तर मुक्काम थोडे आणि लांब हवेत. आमचा मार्ग असा: फ्रान्समधलं नीस, तिथून रेल्वेने किनाऱ्या-किनाऱ्याने इटलीत जेनोआ, पुढे लेवांतो आणि शेवटी रोम. विमानाचं तिकीट काढताना मल्टी-सिटी निवडा, म्हणजे नीसला उतरता येतं आणि रोमहून परत निघता येतं. आल्या वाटेने मागे फिरायचा दिवस वाचतो.

व्हिसासाठी हाच मार्ग उदाहरण म्हणून घ्या. शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांना चालणारा एकच व्हिसा, ज्या देशात सर्वांत जास्त मुक्काम, त्या देशाकडे मागायचा. दोन देशांत मुक्काम सारखा असेल तरच जिथे पहिलं पाऊल पडणार तो देश बघतात. आम्ही उतरणार फ्रान्समध्ये, पण जास्त रात्री इटलीत, म्हणून अर्ज इटलीचा. प्रवासाच्या ६ महिने आधीपासून अर्ज घेतात आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी. त्या शेवटच्या तारखेच्या जवळ जाऊ नका. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, पण ४५ पर्यंतही जाऊ शकतात, आणि मुंबईच्या व्हिसा केंद्रात वेळ मिळणं कठीण असतं. आम्ही मे-जूनमध्येच कागद लावतो. बोटांचे ठसे द्यायला दोघांनाही जावं लागतं, म्हणून एकाच दिवसाची वेळ घ्या आणि नाशिकरोडहून सकाळची पंचवटी एक्सप्रेस गाठा. दिलेले ठसे ५९ महिने चालतात. फी जून २०२४ पासून माणशी ९० युरो आहे, केंद्राचा सेवाशुल्क वेगळा, आणि व्हिसा नाकारला तरी पैसे परत नाहीत. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. पासपोर्ट गेल्या १० वर्षांतला, परतीच्या तारखेनंतर ३ महिने चालणारा आणि निदान दोन पानं कोरी असलेला.

शेतकरी घरांनी कागदांकडे जास्त लक्ष द्यायला हवं. शेतीचं उत्पन्न करमुक्त असल्याने आयकर विवरणपत्रात आकडा लहान दिसतो आणि ते बघणाऱ्याला वाटतं, यांच्याकडे पैसे आहेतच कुठे. म्हणून सातबारा, द्राक्षविक्रीच्या पावत्या आणि ते पैसे बँकेत जमा झाल्याच्या नोंदी एकमेकांशी जुळतील अशा लावा. सातबारा मराठीत असतो, त्याचं इंग्रजी भाषांतर जोडा. सोबत एक साधं पत्र: जमीन किती, ऑक्टोबरात छाटणी असल्याने परत येणं का भाग आहे, आणि बायकोचा खर्च कोण करणार. बायकोच्या नावावर खातं नसेल तर नवऱ्याचं खर्च उचलण्याचं पत्र आणि विवाह नोंदणीचा दाखला हवाच. पासपोर्ट आणि पॅनवर नावाचं स्पेलिंग वेगळं असेल तर आधी ते दुरुस्त करून घ्या.

सामान माणशी एक बॅग, आणि ती स्वतःला जिन्यावरून उचलता आली पाहिजे. लहान स्टेशनांवर लिफ्ट असेलच असं नाही आणि जुन्या गल्ल्यांत दगडी फरसबंदी असते, चाकं अडकतात. तूप, पेढे, खवा, चीज नेऊ नका. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, ताज्या फळांनाही बहुतेक वेळा रोगमुक्तीचा दाखला लागतो. कोरडा चिवडा, शेंगदाण्याची चटणी, भाजणी आणि सासूबाईंचं मेतकूट पुरतं. एका तरी मुक्कामी स्वयंपाकघर असलेली जागा घ्या. दिवसभर चालून आल्यावर मऊ भात-मेतकूट खाऊन जी झोप लागते, ती हॉटेलच्या जेवणाने लागत नाही.

मुंबईहून विमान रात्रीचं असलं तरी नाशिकहून दुपारीच निघा. सप्टेंबरात कसारा घाटात पाऊस असतोच.

नीसला विमानतळावरून २ नंबरची ट्राम थेट गावात येते. किनारा वाळूचा नाही, गोट्यांचा आहे. अनवाणी चालवत नाही, पाण्यात जायला रबरी बूट हवेत. सकाळी कूर सालेयाच्या बाजारात जा आणि 'सोक्का' खा. हरभऱ्याचं पीठ, पाणी, मीठ, ऑलिव्ह तेल, बस. मोठ्या परातीएवढ्या तव्यावर पातळ ओतून लाकडाच्या भट्टीत भाजतात, कडा करपलेल्या आणि मध्ये मऊ. आपल्या बेसनाच्या धिरड्याची सख्खी बहीण. वर मिरपूड भुरभुरून कागदात देतात, आणि ते गरम असतानाच संपवायचं. पुढे जेनोआत हाच पदार्थ 'फारिनाता' नावाने मिळतो. शाकाहारी माणसाचं या किनाऱ्यावर अडत नाही: सोक्का, फोकाच्या हा पाव, तुळशीच्या जातीच्या पानांची पेस्तो ही चटणी. मात्र पेस्तोतलं पार्मेझान चीज वासराच्या जठरातल्या विरजणाने लावतात. कडक शाकाहारी असाल तर चीज नको म्हणून आधीच सांगा. पेस्तोत लसूणही असतो.

नीसहून जेनोआला जाताना डब्यात उजव्या हाताची खिडकी धरा, समुद्र त्या बाजूला आहे. मोनॅको, लिंबांसाठी प्रसिद्ध माँतों, मग सीमेवरचं व्हेंतिमिल्या, तिथे गाडी बदलायची. इटलीत स्थानिक गाडीचं कागदी तिकीट चढण्यापूर्वी स्टेशनवरच्या यंत्रात छापून घ्यावं लागतं. मोबाइलवर काढलं असेल तर चेक-इन करावं लागतं. नाहीतर तिकीट हातात असूनही दंड बसतो. बोर्डावर 'शोपेरो' दिसलं तर संप आहे. घाबरू नका, कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ काही स्थानिक गाड्या सोडाव्याच लागतात. त्या वेळेत निघा.

जेनोआ अनेक जण वगळतात. मला ते फार आवडलं. दोन माणसं शेजारी चालू शकणार नाहीत अशा गल्ल्या, आणि त्यातून अचानक वाया गारिबाल्दीवरचे महाल. पियात्सा पोर्तेल्लोहून डोंगराच्या पोटातली जुनी सार्वजनिक लिफ्ट वर कास्तेल्लेत्तोला नेते. तिथे संध्याकाळी उभं राहिलं की पाटीच्या दगडांची छपरं आणि पलीकडे बंदर दिसतं. एक दिवस कामोल्यीला काढा. तिथल्या घरांच्या भिंतींवर खिडक्या, कठडे, नक्षी नुसती रंगवलेली असते. खरी खिडकी कुठली हे ओळखायला जवळ जावं लागतं.

आता ज्यासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं ते. चिंक्वे तेर्रे म्हणजे मोंतेरोस्सो, वेर्नात्सा, कॉर्निल्या, मानारोला, रियोमाज्जोरे ही पाच गावं. राहायचं मात्र शेजारच्या लेवांतोत: मुक्काम स्वस्त, रस्ते सपाट, वाळूचा किनारा आणि पाचही गावांना गाडी. 'चिंक्वे तेर्रे ट्रेन कार्ड' घेतलं की लेवांतो ते ला स्पेझिया दिवसभर कितीही वेळा चढा-उतरा, पायवाटा आणि गावांतल्या छोट्या बसही त्यातच. दुपारी सगळे गावांत असतात, तेव्हा तुम्ही लेवांतोहून बोनास्सोलाकडे जा. जुन्या रेल्वेच्या बोगद्यांतून आता चालायची आणि सायकलची वाट केली आहे. बाहेर ऊन, आत गार वारा. गावं सकाळी लवकर आणि सूर्य कलल्यावर पाहा.

फोटो सगळे मानारोलाच्या रंगीत घरांचे काढतात. द्राक्षवाल्यांनी मात्र मानारोलाहून छोटी बस पकडून वर वोलास्त्राला जावं आणि तिथून कॉर्निल्यापर्यंत चालावं. ही वाट सरळ बागांमधून जाते. समुद्रावर तुटलेल्या उभ्या डोंगराला दगडी बांध घालून पायऱ्यापायऱ्यांची शेती केली आहे. दगडावर दगड, मध्ये चुना नाही, सिमेंट नाही. मांडव कमरेएवढाच, कारण वारा उंच वेल टिकू देत नाही. तोडणी वाकून, बसून करावी लागते. आमचे हे त्या मांडवाखाली वाकून किती वेळ गाठी बघत बसले होते. एका बांधावर दातेरी रूळ दिसला, एकच. त्यावरून लहानसं इंजिन क्रेट भरलेली पाटी ओढत वर चाललं होतं, चढ इतका की मला बघूनच धाप लागली. सोबत एक जोडपं होतं, आमच्याच वयाचं. बाईने आम्ही घड निरखतोय हे पाहिलं, एक घड हातात दिला. ह्यांनी मोबाइलवर आमच्या थॉमसन जातीच्या द्राक्षबागेचा फोटो दाखवला. भाषेची गरज पडली नाही. इथली काही द्राक्षं सावलीत सुकवून त्यांची 'शाकेत्रा' नावाची गोड वाइन करतात.

१९९७ साली युनेस्कोने या भागाला जागतिक वारशात घेतलं ते या बांधांसकट. बांध सांभाळायला माणूस लागतो. तरुण खाली उतरले, बागा पडीक झाल्या, दगड ढासळले. २५ ऑक्टोबर २०११ ला पाऊस कोसळला तेव्हा वेर्नात्साच्या मुख्य रस्त्यावर चिखल आणि दगडांचा लोंढा आला. माणसं गेली, तळमजले गाडले गेले. वेर्नात्साच्या चौकात बसाल तेव्हा मान वर करून डोंगराकडे जरूर बघा. कुठला बांध धरलेला आहे आणि कुठला सुटला आहे, हे शेतकऱ्याच्या डोळ्याला लगेच कळतं.

कॉर्निल्याहून स्टेशनात उतरायला जवळपास ३८० पायऱ्या आहेत. गुडघे कुरकुरत असतील तर बस घ्या. पायवाटांवर चपला चालत नाहीत, दंड होतो, पट्ट्याचे पक्के बूट हवेत. रियोमाज्जोरे-मानारोला ही प्रसिद्ध कडेची वाट २०१२ पासून बंद होती, ती २०२४ मध्ये पुन्हा उघडली. तिथे वेळ आधी राखून ठेवावी लागते.

दोघांनीच फिरताना दोन गोष्टी आधी ठरवून ठेवा. पहिली, पैसे आणि कार्डं दोघांत वाटून ठेवा, फोनचं सिमही दोघांना वेगळं. एकाची पर्स गेली तर दुसऱ्याकडे निभावण्यापुरतं असलं पाहिजे. दुसरी, चिंक्वे तेर्रेच्या फलाटांवर गर्दी असते. एक चढला, दुसरा राहिला आणि दार लागलं, तर चढलेल्याने पुढच्या स्टेशनवर उतरून थांबायचं, राहिलेल्याने पुढच्या गाडीने तिथे यायचं. दोघं एकमेकांना शोधत उलटसुलट फिरले तर अख्खी दुपार जाते. आणि रोज तासभर वेगळे व्हा. मी बाजारात, हे बंदरावर. संध्याकाळी सांगायला काहीतरी असतं.

पैशांचं थोडक्यात: कार्ड यंत्रात घातल्यावर रुपये की युरो विचारलं तर युरो निवडा, रुपयांचा दर महाग पडतो. हॉटेलात माणशी, रात्रीगणिक शहरकर असतो, तो बऱ्याचदा रोख मागतात. कॉफी काउंटरवर उभ्याने प्यायली की स्वस्त, टेबलावर बसलं की जास्त.

रोमबद्दल सगळीकडे वाचायला मिळतं, मी थोडंच सांगते. पँथिऑन या प्राचीन रोमन मंदिराला तिकीट आहे, ते काढाच. ४३ मीटर रुंद काँक्रीटचा घुमट, मधोमध उघडं भोक. पाऊस आत येतो आणि फरशीतल्या बारीक छिद्रांतून निघून जातो. सेंट पीटर्स चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, पंजाबी ड्रेस उत्तम. पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नका, रस्तोरस्ती लोखंडी नळ अखंड वाहतात. तोटीचं तोंड बोटाने दाबलं की वरच्या बारीक भोकातून पाण्याची धार उडते, तोंड लावून प्यायची. स्टेशन आणि बसमध्ये पर्स पुढे धरा.

परतीला फ्युमिचिनो विमानतळावर तेर्मिनी स्टेशनहून थेट गाडी अर्ध्या तासात जाते. ऑक्टोबर २०२५ पासून पासपोर्टवर शिक्क्याऐवजी संगणकात चेहऱ्याची नोंद घ्यायला सुरुवात झाली आहे, रांगेला वेळ लागतो, तीन-साडेतीन तास हाताशी ठेवा. आणि बागायतदारांनो, कुणी प्रेमाने दिली तरी द्राक्षाची काडी बॅगेत घालून आणू नका. परवाना आणि रोगमुक्तीच्या दाखल्याशिवाय लावणीचा माल भारतात आणायला मनाई आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून आलेल्या वेलींबरोबर फिलॉक्सेरा ही मुळांवरची कीड युरोपात आली आणि तिने तिथल्या बागा उजाड केल्या. त्यानंतरच तिकडे अमेरिकन खुंटावर कलम बांधायची पद्धत पडली.