एकालाच म्हणजे एकदाच नव्हे: क्यू वापरताना या चुका टाळा

निपाणीजवळच्या एका गावातल्या दूध संस्थेचं सॉफ्टवेअर आम्ही सांभाळतो. दहा दिवसांचं बिल निघालं की प्रत्येक सभासदाच्या नावानं एक मेसेज क्यूमध्ये (कामांच्या रांगेत) पडतो, चार वर्करपैकी (कामं उरकणारे प्रोग्रॅम) एकजण तो उचलतो, पैसे जमा करतो आणि एसएमएस पाठवतो. एका बिलाच्या दिवशी सकाळीच एका मावशींचा फोन आला, "अवो, माझ्या खात्यात दोनदा पैसे दावालंय की, परत कापून घेणार काय?" आवाजात भीती होती. दोन म्हशींच्या दुधावर घर चालवणाऱ्या बाईला जास्तीच्या पैशाचीसुद्धा भीतीच वाटते, कारण ते कधी ना कधी कापले जाणार हे तिला पक्कं माहीत असतं. त्या दिवशीपासून मी हा विषय मनावर घेतलाय.

क्यू एवढंच बघते, की एका वेळी मेसेज एकाच वर्करला द्यायचा, आणि तोही ठरलेल्या मुदतीपुरता. तो एकदाच दिला जाईल असं ती कधीच म्हणत नाही, आणि आपण मात्र "एकालाच" आणि "एकदाच" एकच धरून कोड लिहितो. चोर्ला घाटात असलेल्या भावाला फोन करून "येताना सिलिंडर आण" म्हटलं आणि तेवढ्यात रेंज गेली, तर त्यानं ऐकलं की नाही हे तुम्हाला कळत नाही. परत सांगितलं तर दोन सिलिंडर यायची शक्यता, नाही सांगितलं तर एकही न यायची. ब्रोकर (क्यू सांभाळणारा सर्व्हर) आणि वर्करमध्ये अगदी हेच होतं. काम झालं, पण "झालं" हा निरोप, म्हणजे अॅक, वाटेत हरवला की ब्रोकर तोच मेसेज दुसऱ्याला देतो, आणि पैसे बुडण्यापेक्षा तेच बरं.

आमच्याकडे तर अॅक हरवलाही नव्हता, उशिरा पोचला होता. आम्ही अॅमेझॉनची एसक्यूएस ही क्यू-सेवा वापरत होतो. तिथं मेसेज उचलला की तो बाकीच्यांपासून ठराविक वेळ लपवला जातो, आणि आपण काही सांगितलं नाही तर ती वेळ ३० सेकंद असते. एरवी आमचं काम पाच-सहा सेकंदांत व्हायचं, पण त्या दिवशी बँकेकडून उत्तर यायला चाळीस-चाळीस सेकंद लागायले होते, म्हणून तिसाव्या सेकंदाला मेसेज परत दिसायला लागला आणि दुसऱ्या वर्करनं उचलला. कुणी क्रॅश नाही, लॉगमध्ये एक एरर नाही, दोघंही आपापल्या परीनं बरोबर. म्हणून ही वेळ सरासरीवर ठरवू नका, सगळ्यात वाईट दिवसाला पुरेल अशी ठेवा, आणि काम लांबतंय असं दिसलं की वर्करनंच मुदत वाढवून घ्यावी (ती १२ तासांपर्यंत वाढते). रॅबिटएमक्यू या दुसऱ्या ब्रोकरमध्ये अॅकची मुदत मुळात ३० मिनिटं असते. काफ्का या तिसऱ्या ब्रोकरमध्ये दोन पोलमध्ये (मेसेज मागण्यांमध्ये) ५ मिनिटांपेक्षा जास्त वेळ गेला तर कन्झ्युमरला, म्हणजे वाचणाऱ्या वर्करला, ग्रुपमधून काढून त्याचं पार्टिशन (त्याच्या वाट्याचा मेसेजचा भाग) दुसऱ्याला देतात, आणि एका पोलमध्ये ५०० रेकॉर्डपर्यंत येतात हे बरेच जण विसरतात, त्यामुळे एकेकाला एक सेकंद लागला तरी मुदत कधीच संपलेली असते.

याच्या उलटी चूक म्हणजे हातात घेतल्या घेतल्या अॅक देणं. रॅबिटएमक्यूमध्ये ऑटो-अॅक (आपोआप अॅक) ठेवला की मेसेज पाठवला तिथंच ब्रोकर तो विसरतो, मग लाइट गेली आणि वर्कर पडला की सभासदाचं बिल गायब. काफ्कात ऑटो-कमिट (वाचल्याची नोंद आपोआप करणं) मुळातच चालू असतं, दर ५ सेकंदांनी. पोल करून काम दुसऱ्या थ्रेडला सोपवत असाल तर ते बंदच करा, नाहीतर काम अर्धवट असताना ऑफसेट (कुठपर्यंत वाचलं त्याची खूण) पुढं सरकतो. आधी काम, मग अॅक, यात तडजोड नको.

म्हणजे मेसेज दोनदा येणारच, हे धरून चालायचं. उपाय घेणाऱ्याच्या बाजूला आहे. आम्ही एक वेगळं टेबल केलं, त्यात सभासद नंबर आणि बिलाचा कालावधी मिळून एक किल्ली, तिच्यावर युनिक बंधन. ती ओळ घालणं आणि खात्यात नोंद करणं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (दोन्ही होतील, नाहीतर एकही नाही), दुसऱ्यांदा ओळ घालायला गेलं की डेटाबेसच अडवतो. "आधी बघू आहे काय, नसलं तर घालू" असं दोन पायऱ्यांत करू नका, दोन वर्कर एकाच क्षणी बघतात आणि दोघांनाही "नाही" दिसतं. ब्रोकरनं दिलेला मेसेज आयडीही किल्ली म्हणून चालत नाही, कारण पाठवणाऱ्यानंच टाइमआउट झाल्यावर परत पाठवला तर तोच मजकूर नवीन आयडी घेऊन येतो. आणि हीच किल्ली बँकेकडे संदर्भ क्रमांक म्हणून गेली पाहिजे, बँकेनं त्यावर दुसरी मागणी नाकारली पाहिजे, कारण बाहेर गेलेला पैसा आपल्या ट्रान्झॅक्शनमध्ये मागं येत नाही. काफ्कात २०१७ पासून एक्झॅक्टली-वन्स (नेमकं एकदाच) आहे खरं, पण ते काफ्कातून वाचून काफ्कातच लिहिण्यापुरतं, बँकेपर्यंत त्याचा हात पोचत नाही.

सगळ्याच वर्करना तोच मेसेज मिळतोय? मग क्यू नाही, प्रसारण चालू आहे. काफ्कात सगळ्यांचा ग्रुप आयडी एकच आहे काय बघा, एकानं स्टार्ट होताना रँडम आयडी घेतला की त्याला सगळ्याची वेगळी प्रत जाते. रॅबिटएमक्यूमध्ये प्रत्येक वर्कर स्वतःची क्यू बनवून फॅनआउटला (जोडलेल्या सगळ्या क्यूंना प्रत देणाऱ्या वाटपाला) जोडत असेल तरी तेच.

कुणालाच मिळत नसेल तर राउटिंग कीचं (मेसेजवरच्या पत्त्याचं) स्पेलिंग तपासा. रॅबिटएमक्यूमध्ये पत्ता न सापडलेला मेसेज गुपचूप टाकून दिला जातो, आणि पब्लिशर कन्फर्म (पाठवणाऱ्याला पोच देणं) चालू असलं तरी "मिळाला" असंच उत्तर येतं. मँडेटरी फ्लॅग लावला तरच तो परत येतो.

आपल्या भागातली एक खास अडचण सांगतो. सभासदांची नावं काही मराठीत, काही कन्नडमध्ये असतात. यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवायची पद्धत) दोन्ही लिप्यांचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, आणि आमच्या एका जुन्या रकान्यात अक्षरं नाही तर बाइट मोजले जायचे. एक लांब कन्नड नाव आलं की वर्कर पडायचा, मेसेज परत क्यूत, दुसरा वर्करही पडायचा, असं रात्रभर. चार-पाच प्रयत्नांनंतर असा मेसेज डेड लेटर क्यूमध्ये (अडलेले मेसेज बाजूला ठेवायची क्यू) गेलाच पाहिजे, आणि ती क्यू रोज कुणीतरी उघडून बघितली पाहिजे. एसक्यूएसवर मेसेज मुळात ४ दिवस टिकतो, जास्तीत जास्त १४, त्यानंतर त्या सभासदाचं बिल कायमचं गेलं.

क्रमाचंही बघा. चार वर्कर असले की दुधाच्या फॅटची दुरुस्ती मूळ नोंदीच्या आधी पोचू शकते. काफ्कात सभासद नंबरच मेसेजची किल्ली म्हणून द्या, म्हणजे एकाचं सगळं एकाच पार्टिशनमध्ये क्रमानं राहतं.

शोध घेताना माझी पहिली नजर लॉगमधल्या एकाच ओळीवर जाते: आपली किल्ली, वर्करचं नाव, उचलल्याची वेळ, अॅकची वेळ, कितव्यांदा आला. एसक्यूएस हा कितव्यांदाचा आकडा अंदाजे देतं, रॅबिटएमक्यूची साधी (क्लासिक) क्यू नुसती परत आल्याची खूण देते. त्या मावशींच्या नोंदीत दोन वर्करची नावं होती, आणि दोन्ही उचलण्यांमध्ये बरोबर ३० सेकंदांचं अंतर.