सोलापूर ते ऑपेरा : गाण्याची नाटकं बघायला जाताना या चुका टाळा

"काय बे, ऑपेरा बघायला मुंबई? तुला कळतं का त्यातलं काय?" आमच्या कॉलेजच्या कट्ट्यावर हा प्रश्न ठरलेला. कळण्याचं नंतर बघू. संगीत नाटक असो, ऑपेरा (जवळजवळ सगळं गाऊनच सांगणारं पाश्चात्त्य नाटक) असो की म्युझिकल (गाणं, नाच आणि संवाद असलेलं), संध्याकाळ हातची जाते ती बहुतेक वेळा अगदी साध्या कारणांनी. खुर्ची चुकते, गाडी चुकते, नाहीतर कानाने घ्यायची गोष्ट सिनेमासारखी नुसती डोळ्यांनी बघितली जाते. हुतात्मा स्मृती मंदिरात संगीत नाटकं बघत वाढलेल्या पोराची ऑपेराची निम्मी तयारी गावातच झालेली असते. उरलेल्या निम्म्यात पाय कुठे घसरतो, ते सांगतो.

"जितकं पुढे तितकं भारी" म्हणून तिकीट काढणं

हा हिशोब लावणीच्या कार्यक्रमाला ठीक आहे. संगीत नाटकात पुढच्या रांगांच्या अगदी कडेला बसलात, तर बाजूचा स्पीकर थेट कानावर आदळतो आणि तबला वेगळा, ऑर्गन वेगळा, गळा वेगळा असं तुकड्यातुकड्यांनी ऐकू येतं. मधल्या रांगा, त्यातही मध्यावरच्या खुर्च्या, कधी दगा देत नाहीत.

ऑपेराचं गणित निराळं. तिथे गायकाला माईक नसतो. रंगमंचापुढच्या खड्ड्यात अख्खा वाद्यवृंद वाजत असतो आणि त्याच्यावरून गळा शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचा असतो. हा आवाज वर चढताना छान मिसळतो, त्यामुळे बाल्कनीचं स्वस्त तिकीट कानाला बरेचदा महागड्या तिकिटापेक्षा सरस ठरतं. विद्यार्थ्याला याहून चांगली बातमी नाही. फक्त तळमजल्यावर बाल्कनीच्या पोटाखाली येणाऱ्या मागच्या रांगा टाळा. तिथे आवाज दबतो आणि रंगमंचाच्या वर चालणारी भाषांतराची पट्टीही काही ठिकाणी झाकली जाते. आणि अगदी पहिल्या रांगेतून ती पट्टी वाचायची म्हणजे तीन तास मान वर.

म्युझिकलमध्ये सगळ्यांच्या केसांत किंवा कपाळाशी बारीक माईक लावलेले असतात. म्हणजे तुम्ही ऐकता तो आवाज साऊंडवाल्याच्या हातातून येतो. तो बहुधा सभागृहात मागे, मध्यभागी, बटणांच्या मोठ्या टेबलापाशी बसलेला असतो. त्याच्या पुढच्या दोन-चार रांगा पकडा. तो स्वतःच्या कानाला बरं वाटेल असाच आवाज लावतो.

परतीची गाडी न बघता प्रयोग ठरवणं

हुतात्मा एक्सप्रेस सकाळी सोलापूर सोडते आणि संध्याकाळी पुण्याहून परत निघते. पुण्यातला संध्याकाळचा प्रयोग धरलात की ही गाडी गेली. रविवारी दुपारी साडेबाराचा प्रयोग मिळाला तर मात्र नाटक, चहा, गाडी असं सगळं आरामात जमतं. मुंबईहून सिद्धेश्वर एक्सप्रेस रात्री उशिरा सुटते, म्हणून लोक बिनधास्त संध्याकाळचं तिकीट काढतात. इथेच फसायला होतं. प्रयोग सुरू कधी होतो हे तिकिटावर असतं, संपतो कधी हे नसतं. ऑपेरा दोन तासांचाही असतो आणि वाग्नर या जर्मन संगीतकाराचा असेल तर चार तासांच्या पुढेही जातो. मध्यंतरं धरून एकूण वेळ किती, हे सभागृहाच्या संकेतस्थळावर बघा, नाहीतर फोन करून विचारा. नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या नाट्यसंकुलापासून सीएसएमटी जवळ आहे. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या नीता मुकेश अंबानी कल्चरल सेंटरला गेलात तर तिथून दादर गाठायचं असतं, आणि सुटलेल्या गर्दीत टॅक्सी मिळेपर्यंतच जीव टांगणीला लागतो. शनिवार-रविवारचा दुपारचा प्रयोग घ्या. शेवटचं गाणं चालू असताना घड्याळ बघायला लागलं, तर तिकिटाचे पैसे कशाला घातले?

"नांदी तर असते, होऊ दे"

आपल्याकडे दिलेली वेळ आणि पडदा उघडायची वेळ यात चहा पिऊन होतो, हे मान्य. पण नांदी आणि सूत्रधाराचा प्रवेश चुकला की नाटकाचा सूर कानात बसायला पुढची पंधरा-वीस मिनिटं जातात. ऑपेरात नांदीच्या जागी वाद्यवृंदाची सुरुवात असते. पुढे येणाऱ्या चाली बरेचदा तिथेच एकदा फिरवून दाखवलेल्या असतात. आणि तिथे तिसऱ्या घंटेनंतर "ओ दादा, जरा सोडा की" चालत नाही. दार बंद झालं की पुढच्या योग्य थांब्यापर्यंत, कधी थेट मध्यंतरापर्यंत, बाहेरच्या पडद्यावर बघत उभं राहावं लागतं.

गोष्ट फुटेल म्हणून आधी काहीच न वाचणं

सिनेमाची सवय. ऑपेरात शेवटी काय होतं हे सगळ्यांना माहीत असतं. 'कार्मेन' १८७५ मध्ये पॅरिसला पहिल्यांदा झाला, तेव्हापासून नायिका शेवटी मरतेच आहे. प्रश्न असतो तो ती कुठल्या सुरात मरते याचा. आपल्या 'सौभद्र' या संगीत नाटकात सुभद्रेचं लग्न अर्जुनाशी लागणार हे १८८२ च्या पहिल्या प्रयोगालाही प्रत्येक प्रेक्षकाला ठाऊक होतं. तेव्हा कथासार आधी वाचा. पात्रांची नावं डोक्यात ठेवा. दोन मोठी गाणी ऐकून जा. दोनच. अख्खं ध्वनिमुद्रण पाठ करून गेलात की रंगमंचावरचा गायक प्रत्येक ओळीला परीक्षेला बसल्यासारखा वाटायला लागतो, आणि तुमच्या मनातली नामांकित गायिका त्याला नापास करत राहते.

जुन्या संगीत नाटकांना मात्र पदांचे शब्द आधी वाचून जाणं फार उपयोगाचं. भाषा संस्कृत वळणाची, त्यात ताना. "मराठीच तर आहे" म्हणून गेलेला माझा मित्र मध्यंतरात विचारत होता, की ती बाई नक्की चिडली होती की लाजली होती.

तिन्ही प्रकार एकाच मापाने मोजणं

ही सगळ्यात मोठी गडबड, म्हणून इथे जरा थांबू.

एखाद्या संगीत नाटकाला कडेची खुर्ची मिळाली, तर एकदा नटाऐवजी ऑर्गनवाल्याकडे बघा. दोन्ही पाय भात्यावर खालीवर चाललेले, बोटं पट्ट्यांवर, आणि नजर मात्र सारखी वर, गाणाऱ्याच्या चेहऱ्याकडे. गाणारा एखाद्या जागेवर रेंगाळला की हा रेंगाळतो. त्याने तानेचा रोख बदलला की तबलजी मान हलवतो आणि तिघं मिळून समेवर येतात. तेच पद आज चार मिनिटांचं होईल, उद्या सात. आपल्या नाटकात गाणाऱ्याला एवढी मोकळीक आहे. ऑपेरात ती जवळजवळ नसते. साठ-सत्तर वादक एका संचालकाच्या हाताकडे बघून वाजवतात, प्रत्येक सूर कागदावर लिहिलेला. गायकाची करामत त्या लिहिलेल्या सुरातच दिसते: किती हळू धरला, कुठे श्वास घेतला, वाद्यांच्या लाटेवर गळा कसा तरंगला. तिथे आलाप शोधत बसलात तर निराशच व्हाल. आणि म्युझिकलमध्ये गाणं, नाच, संवाद, प्रकाश, सरकणारे सेट सगळं सेकंदाच्या हिशोबाने बांधलेलं असतं. २०२३ मध्ये मुंबईत 'द साउंड ऑफ म्युझिक' आला होता. असल्या प्रयोगाला गळा तपासायला जाऊ नका, सगळं यंत्र एकत्र कसं फिरतं ते बघा.

संगीत नाटकही एका साच्याचं नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'त (१८८०) शंभराहून अधिक पदं होती, साकी-दिंडी या जुन्या छंदांसारखी छोटी, गोष्ट पुढे ढकलणारी. १९११ चं 'मानापमान', १९१६ चं 'स्वयंवर' यांच्यापासून रागदारीने जागा पसरून घेतली. १९६७ च्या 'कट्यार काळजात घुसली'मध्ये तर गाणं हाच भांडणाचा विषय. आणि २०१७ च्या 'देवबाभळी'त दोनच बायका, आवली आणि रखुमाई, त्यातली रखुमाई आपल्या जिल्ह्यातली. हे सगळं 'जुनी नाट्यगीतं' या एका खोक्यात कोंबून जाणाऱ्याची अर्धी मजा गेलेलीच असते.

"ऑपेरा आपला नव्हे" म्हणणाऱ्यांना अजून एक सांगायचं असतं. लंडनचा 'बेगर्स ऑपेरा' १७२८ चा. त्यावरून दोनशे वर्षांनी जर्मनीत नाटककार ब्रेख्तने 'थ्रीपेनी ऑपेरा' केला, आणि त्यावरून १९७८ मध्ये पु. लं.नी 'तीन पैशाचा तमाशा' लिहिला. तो बसवला जब्बार पटेलांनी, जे पंढरपुरात जन्मले आणि सोलापुरात शाळा शिकले. आता बोला.

भाषेला घाबरणं

सोलापूरच्या माणसाने तरी हे कारण देऊ नये. एका बोळात तेलुगू, पुढच्या बोळात कन्नड, दुकानात मराठी, आणि लग्नाच्या मांडवात तिन्ही. न कळणाऱ्या शब्दांतून राग आणि रुसवा ओळखायची सवय आपल्याला आहे. किर्लोस्करांनी स्वतः कानडी चाली उचलल्या होत्या. चूक होते ती उलट्या बाजूने: भाषांतराच्या पट्टीला डोळे चिकटवून बसण्यात. एकच ओळ गायक पाच वेळा फिरवतो, तेव्हा ती एकदा वाचली की नजर खाली आणायची.

चुकीच्या जागी दाद

संगीत नाटकात तानेच्या मध्ये "वाह" गेलं तर गाणारा खुलतो. ऑपेरात तेच केलंत तर शेजारचा वळून बघेल. तिथे गाणं संपून वाद्यं थांबली की टाळ्या. शंका असेल तर संचालकाचे हात बघा, ते खाली आले की तुमचे वर. काही ऑपेरांत संगीत अंक संपेपर्यंत थांबतच नाही, तिथे गप्प बसणं हीच दाद.

'वन्स मोअर'बद्दल माझं मत जरा कडक आहे. शेवटची भैरवी जमली म्हणून मागावा, तिकिटाचे पैसे वसूल करायला मागू नये. मिलानच्या ला स्काला नाट्यगृहात तर कित्येक दशकं हा प्रकार बंदच होता. फेब्रुवारी २००७ मध्ये हुआन दिएगो फ्लोरेस या गायकाने लोकांच्या आग्रहाने गाणं पुन्हा म्हटलं, ते तिथे १९३३ नंतर पहिल्यांदा. आपल्याकडे नाटकाच्या पहिल्याच पदाला मागच्या रांगेतून आरोळी येते.

कपडे, डबा, मोबाईल

सूट-बूट लागत नाही. स्वच्छ कपडे पुरे. एसी मात्र कडक असतो, अंगावर काहीतरी घ्या (पांघरुणाचं सोलापूरकराला काय सांगायचं). भाकरी आणि शेंगाचटणी गाडीत संपवा. मुंबईत दारावर बॅग तपासतात, डबा आत जात नाही, आणि लसणाचा वास लपत तर अजिबात नाही. मोबाईल बंद म्हणजे बंद. काळोखात एक पडदा उजळला की मागच्या पाच रांगांचं लक्ष तुटतं.

ऐनवेळी अडलं तर

समोर उंच माणूस आला: मध्यंतरात दारावरच्या कर्मचाऱ्याला नम्रपणे विचारा, रिकाम्या खुर्च्या बरेचदा असतात. स्वतःच उठून पुढे जाऊन बसू नका.

स्पीकर शिट्टी मारतोय किंवा एका नटाचा आवाज येतच नाही: ओरडू नका, नट दचकतो. गावातल्या एका प्रयोगात प्रेक्षकांतून "आवाज, आवाज" सुरू झालं आणि गाणारीची लय सुटली ती अंक संपेपर्यंत परत आली नाही. एकाने उठून मागे साऊंडवाल्याला जाऊन सांगितलं की काम होतं.

डुलकी येतेय: पोटभर जेवून गेलात का? लांब ऑपेरात दुसऱ्या अंकात हे हमखास होतं. अशा वेळी गायक सोडा, वाद्यवृंदातलं एकच वाद्य धरा आणि ते कुठे कुठे येतं तेवढंच ऐका.

पैसे नाहीत: एनसीपीएत न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचे चित्रित प्रयोग मोठ्या पडद्यावर दाखवतात, खाली भाषांतरासकट. पहिला ऑपेरा म्हणून हे उत्तम. तेवढंही जमत नसेल तर राज्य हौशी नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी सोलापूर केंद्रावर होते, तिकडे जा. प्रत्येक नाटकात गाणं नसेल, पण पार्श्वसंगीत कुठे चुकतं आणि कुठे नेमकं बसतं, हे तिथे ओळीने नाटकं बघताना जेवढं कळतं तेवढं महागड्या खुर्चीवरून कळत नाही. आणि घरी चालत जाता येतं.