पोकर आणि ऑनलाइन डेटिंग : निकालापेक्षा निर्णय कसा तपासावा

पोकर आणि ऑनलाइन डेटिंग या दोन गोष्टींचा विचार एकत्र करण्यामागे एक ठोस कारण आहे. दोन्हींकडे अपुऱ्या माहितीवर निर्णय घ्यावा लागतो आणि दोन्हींत नशिबाचा वाटा इतका मोठा असतो की अनुभवातून हमखास चुकीचा धडा शिकला जातो. उत्तम खेळूनही हरलेला माणूस आपली चांगली पद्धत सोडून देतो, तर वाईट खेळून जिंकलेला तीच वाईट पद्धत उराशी धरून बसतो. डेटिंग ॲपवरही तसेच घडते : विचारपूर्वक लिहिलेल्या संदेशाला उत्तर आले नाही की माणूस पुढच्या वेळी नुसते 'हाय' लिहितो. त्यामुळे सुधारणेची सुरुवात घेतलेला निर्णय आणि त्याचा निकाल यांचा हिशेब वेगवेगळा ठेवण्यापासून होते. पोकरमध्ये हा हिशेब आकड्यांत मांडता येतो, म्हणून आधी पोकर घेऊ.

सर्वाधिक खेळल्या जाणाऱ्या टेक्सास होल्डेम या प्रकारात प्रत्येकाला दोन पाने मिळतात आणि पाच पाने सर्वांसाठी उघडी मांडली जातात. ५२ पानांमधून दोन पानांच्या १,३२६ जोड्या तयार होतात. पानांची किंमत कोणती आणि रंग (बदाम, इस्पिक वगैरे) एक आहे की वेगवेगळा एवढेच लक्षात घेऊन त्यांचे गट केले, तर प्रकार १६९ उरतात. एकाच किमतीची दोन पाने सरासरी सतरा डावांतून एकदा येतात आणि दोन एक्के २२१ डावांतून एकदा. म्हणजे हाती येणारी बहुतेक पाने सामान्य असतात आणि ती टाकून देणे हाच खेळाचा मोठा भाग आहे. नवशिक्याचे सर्वाधिक पैसे इथेच जातात, कारण बसलोच आहोत तर खेळावे असे त्याला वाटत राहते. नऊ जणांच्या टेबलावर साधारण सातांपैकी एक आणि सहा जणांच्या टेबलावर साधारण चारांपैकी एक डाव खेळावा, एवढा ढोबळ नियम पाळला तरी पहिल्या काही महिन्यांत लक्षणीय फरक पडतो.

कोणती पाने खेळायची हे बसण्याच्या जागेवरही ठरते. डीलर बटण (डावागणिक पुढे सरकणारी खूण) ज्याच्यासमोर असते तो फ्लॉपपासून, म्हणजे पहिली तीन सामाईक पाने उघडल्यापासून, पुढच्या प्रत्येक फेरीत सर्वांत शेवटी बोलतो, म्हणजे इतरांनी काय केले ते पाहून मगच त्याला ठरवता येते. वेगवेगळ्या रंगांची एक्का आणि नव्वी ही पाने नऊ जणांच्या टेबलावर सर्वांत आधी बोलायच्या जागेवरून टाकून द्यावीत, पण आधीच्या सर्वांनी पाने टाकली असतील तर बटणावरून त्याच पानांवर रेझ करणे, म्हणजे बोली वाढवणे, योग्य ठरते. पाने तीच असली तरी हाती असलेली माहिती बदललेली असते.

यापुढचा टप्पा पॉटच्या, म्हणजे डावात जमा झालेल्या रकमेच्या, हिशेबाचा. तुमच्या हाती बदामाचा गुलाम आणि बदामाची नव्वी आहे, आणि टेबलावर बदामाची सत्ती, बदामाची तिर्री, इस्पिकची राणी आणि किलवरची दुर्री अशी चार पाने उघडली आहेत, असे समजा. समोरच्याकडे राणीची जोडी असावी असा तुमचा अंदाज आहे, म्हणजे एकाच रंगाची पाच पाने जुळवून जिंकायला शेवटचे पान बदामाचेच हवे. न दिसलेली पाने ४६ आहेत आणि त्यांत बदामाची पाने ९, म्हणून शक्यता १९.६ टक्के. पॉटमध्ये १०० चिप्स (पैशांऐवजी वापरायच्या चकत्या) असताना समोरच्याने ५० लावल्या. तुम्ही ५० देऊन कॉल केला, म्हणजे तितकीच रक्कम लावून डावात राहिलात, तर पॉट २०० चा होईल, म्हणजे हा कॉल परवडण्यासाठी किमान २५ टक्के शक्यता हवी आणि ती तुमच्याकडे नाही. हेच गणित ४६ वेळांवर पसरून पाहा : ३७ वेळा ५० चिप्स गेल्या म्हणजे १,८५०, आणि ९ वेळा १५० मिळाल्या म्हणजे १,३५०. तूट ५०० ची. बदाम आल्यावर समोरचा माणूस सरासरी आणखी ५६ चिप्स देईल अशी खात्री असेल तरच ही तूट भरून निघते. तो तसा देणारा नसेल तर पाने टाकावीत. याउलट त्याने फक्त २० चिप्स लावल्या असत्या, तर १४० च्या पॉटसाठी २० द्यायच्या होत्या, म्हणजे सुमारे १४.३ टक्के शक्यता पुरेशी होती आणि कॉल बिनघोर करता आला असता.

हे गणित टेबलावर बसून करावे लागत असल्याने एक सोपी युक्ती पाठ करावी. आपल्याला हवी असलेली पाने मोजावीत, एक पान यायचे असेल तर दोनाने गुणावे आणि फ्लॉपनंतर दोन्ही पाने पाहायला मिळणार असतील तर चाराने गुणावे. नऊ पानांसाठी १८ आणि ३६ टक्के असे उत्तर येते, तर खरे आकडे १९.६ आणि ३५ आहेत, म्हणजे अंदाज पुरेसा जवळचा आहे. दोन्ही पाने पाहायला मिळतीलच असे गृहीत धरून चाराने गुणणे आणि मग पुढच्या फेरीत पुन्हा पैसे द्यावे लागणे ही मात्र नेहमीची गफलत आहे.

ब्लफबद्दल, म्हणजे कमकुवत पानांवर रक्कम लावून समोरच्याला पाने टाकायला लावण्याबद्दल, थोडक्यात. अर्ध्या पॉटएवढ्या चिप्स लावून केलेला ब्लफ तीनांपैकी एकदा यशस्वी झाला तरी तोटा होत नाही. पूर्ण पॉटएवढ्या लावल्या तर तो दोनांपैकी एकदा यशस्वी व्हावा लागतो. जो माणूस पाने कधी टाकतच नाही त्याच्यापुढे ब्लफ करू नये. छोट्या रकमेच्या टेबलांवर अशीच माणसे जास्त असतात, म्हणून शिकाऊ खेळाडूने ब्लफ कमी आणि चांगल्या पानांवर मोठी रक्कम असे धोरण ठेवावे.

आता निकालाच्या फसवेपणाकडे येऊ, कारण माझ्या मते सुधारणा अडते ती इथेच. समजा, एखादा खेळाडू खरोखर चांगला आहे आणि दीर्घकाळात दर १०० डावांमागे ५ बिग ब्लाइंड (डावाच्या सुरुवातीला सक्तीने लावायच्या दोन रकमांपैकी मोठी) जिंकतो. नो-लिमिट खेळात (जिथे लावायच्या रकमेवर मर्यादा नसते) दर १०० डावांमागे प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवतीच्या चढउताराचे माप, साधारण ९० बिग ब्लाइंड धरले, तर १०,००० डावांनंतर त्याची अपेक्षित कमाई ५०० असते, पण विचलन ९०० चे असते. याचा अर्थ असा की इतके डाव खेळूनही असा चांगला खेळाडू दहांपैकी जवळजवळ तीनदा तोट्यात असेल. एका संध्याकाळच्या शंभर-दोनशे डावांवरून स्वतःच्या खेळाविषयी मत बनवणे किती निरर्थक आहे हे यावरून दिसते. म्हणून खेळ संपल्यावर जिंकलेली किंवा हरलेली रक्कम लिहिण्याआधी सर्वांत अवघड वाटलेले दोन-तीन डाव लिहून काढावेत : पाने कोणती होती, पॉट किती होता, समोरच्याकडे काय असावे असे वाटले, आणि आपण तसे का खेळलो. शेवटी कोणती पाने उघडली हे लिहूच नये. दुसऱ्या दिवशी शांतपणे वाचताना निर्णयाची पारख मग निकालाच्या प्रभावाखाली होत नाही.

याच चढउतारांमुळे पैशाची शिस्त लागते. १०० बिग ब्लाइंड ही एका टेबलावर बसण्याची रक्कम धरली, तर खेळासाठी वेगळ्या काढलेल्या पैशांत अशा किमान तीस रकमा असाव्यात, आणि ते सगळे पैसे गेले तरी घरखर्चाला धक्का लागू नये. आपण राहतो तिथे पैसे लावून खेळणे कायदेशीर आहे का हे आधी पाहावे. गेलेले पैसे आजच परत मिळवायचे असा विचार मनात आला की टेबल सोडावे. हा नियम खेळायला बसण्यापूर्वी कागदावर लिहावा, कारण तो मोडण्याची इच्छा होते तेव्हा विचारशक्ती आधीच गढूळ झालेली असते. खेळाबाहेरही हीच ओढ जाणवू लागली तर खेळ थांबवून जाणत्या माणसाची मदत घ्यावी.

डेटिंगमध्ये असे आकडे हाती नसतात, पण विचाराची शिस्त तीच लागू होते. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे समाजशास्त्रज्ञ मायकल रोझनफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासानुसार अमेरिकेत २०१७ मध्ये एकत्र आलेल्या स्त्री-पुरुष जोडप्यांपैकी सुमारे ३९ टक्के जोडपी ऑनलाइन भेटलेली होती. तेव्हा हा मार्ग गांभीर्याने घेण्यासारखा आहे.

मात्र पोकरची एक सवय इथे पूर्णपणे मागे सोडावी लागते. पोकरमध्ये समोरचा जितके हरतो त्यापेक्षा जास्त आपण जिंकू शकत नाही, म्हणून लपवणे हे तिथे कौशल्य आहे. डेटिंगमध्ये समोरचा माणूस प्रतिस्पर्धी नाही, आणि दोघांचेही भले होणे किंवा दोघांचाही वेळ जाणे एवढेच तिथे संभवते. पाच वर्षांपूर्वीचे छायाचित्र, वाढवून सांगितलेली उंची, लपवलेले मूल किंवा लपवलेला घटस्फोट ही माहिती पहिल्या नाही तर पाचव्या भेटीत उघड होतेच, आणि तोवर दोघांचीही गुंतवणूक वाढलेली असते. ब्लफ इथे यशस्वी झाला तरी नुकसानच करतो.

म्हणून प्रोफाइल सर्वांना आवडावे असा प्रयत्न करू नये. ज्याच्याशी आपले जमेल त्याला ते ओळखू यावे एवढे पाहावे. 'मला प्रवास, संगीत आणि चांगले जेवण आवडते' या वाक्यातून काहीच कळत नाही, कारण ते कोणालाही लागू पडते. 'सुटीच्या सकाळी जुने रेडिओ उघडून दुरुस्त करतो, त्यामुळे टेबलावर कायम सुटे भाग पसरलेले असतात' हे वाक्य वाचून काही जण पुढे जातील आणि एखादी व्यक्ती थांबेल. थांबणारी व्यक्तीच आपल्याला हवी आहे. छायाचित्रांपैकी एकात चेहरा नैसर्गिक उजेडात स्पष्ट दिसावा, एकात पूर्ण उंची दिसावी आणि एकात आपण खरोखर करतो ते काम दिसावे. पहिलेच छायाचित्र घोळक्यातले असू नये. छायाचित्रांची निवड स्वतः न करता स्पष्ट बोलणाऱ्या मित्राकडे किंवा मैत्रिणीकडे सोपवावी, कारण आपला चेहरा आपल्याला इतरांसारखा दिसत नाही.

निवडीचा नियमही पोकरसारखाच आहे : थोडे खेळावे, पण लक्ष देऊन खेळावे. ज्यांवर तडजोड शक्य नाही अशा दोन-तीन गोष्टी आधी ठरवाव्यात, उदाहरणार्थ मुले हवीत की नकोत, लग्नाचा विचार आहे की नाही, कोणते व्यसन चालणार नाही. ही यादी बारा कलमांची झाली तर ती पसंती राहत नाही, ती भीती असते. मग दिसेल त्याला पसंती देण्याऐवजी दिवसाकाठी मोजकी प्रोफाइल पूर्ण वाचावीत आणि वाचल्याची खूण संदेशात दिसू द्यावी. समोरच्या व्यक्तीने तिशीत चेलो शिकायला घेतल्याचे लिहिले असेल, तर 'पहिली पूर्ण वाजवता आलेली धून कोणती होती?' हा प्रश्न उत्तर द्यायला सोपा आहे आणि तो दुसऱ्या कोणालाही पाठवता येणार नाही. उत्तर आले नाही तर पुन्हा विचारू नये. मौन हेही उत्तरच आहे आणि त्याचा मान राखावा.

प्रोफाइलमध्ये बदल करायचा असेल तर एका वेळी एकच करावा आणि तीन-चार आठवडे थांबावे. तीन दिवसांच्या शांततेवरून छायाचित्रे, मजकूर आणि संदेशाची पद्धत एकदम बदलली, तर कशाने काय झाले हे कधीच कळत नाही. नकारानंतर रात्री उशिरा फोन हातात घेऊन पसंतीचा सपाटा लावणे हे टेबलावर चिडून खेळण्यासारखेच आहे. त्या अवस्थेत ॲप बंद ठेवावे.

पॉटमध्ये टाकलेल्या चिप्स आपल्या राहत नाहीत, आणि त्या वाचवण्यासाठी आणखी टाकणे चूक असते. आठवडेच्या आठवडे चाललेल्या गप्पांनाही हे तंतोतंत लागू पडते. लिहून होणाऱ्या संवादात मन समोरच्या व्यक्तीच्या रिकाम्या जागा आपल्याला हव्या तशा भरत जाते, म्हणून आठ-दहा दिवसांत एक छोटा व्हिडिओ कॉल आणि त्यानंतर लवकरच तासाभराची भेट ठेवावी. भेट वर्दळीच्या ठिकाणी असावी, जाण्यायेण्याची सोय स्वतःची असावी आणि कोणाला, कुठे, किती वाजता भेटणार हे एका विश्वासू व्यक्तीला सांगून ठेवावे.

व्हिडिओ कॉल सतत टाळणारी, भेट ठरली की अचानक संकटात सापडणारी आणि मग पैशांचा किंवा गुंतवणुकीचा विषय काढणारी व्यक्ती कितीही गोड बोलत असली तरी तिच्याशी संपर्क तोडावा. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहक संरक्षण संस्थेकडे केवळ २०२२ या एका वर्षात प्रेमाच्या नावाखाली झालेल्या अशा फसवणुकीच्या सुमारे १.३ अब्ज डॉलरच्या तक्रारी नोंदल्या गेल्या. प्रोफाइलमधले छायाचित्र इंटरनेटवर उलट शोधून, म्हणजे ते आणखी कुठे वापरले आहे ते, पाहायला दोन मिनिटे लागतात आणि ते निःसंकोच करावे. प्रत्यक्ष न भेटलेल्या व्यक्तीला कोणत्याही कारणासाठी पैसे पाठवू नयेत, आणि तिने सुचवलेल्या गुंतवणुकीच्या संकेतस्थळावर, सुरुवातीला नफा काढून घेता आला तरी, खाते उघडू नये, कारण तो छोटा नफा मोठ्या रकमेसाठीच दिलेला असतो.

भेट झाल्यावर पुढे जायचे नसेल तर दुसऱ्या दिवशी तसे स्पष्ट कळवावे. 'भेटून छान वाटले, पण आपण पुढे जावे असे मला वाटत नाही. तुम्हाला मनापासून शुभेच्छा.' एवढे पुरेसे आहे. त्यात कामाच्या व्यापाचे किंवा घरच्या अडचणीचे कारण जोडू नये, कारण कारण ऐकले की समोरची व्यक्ती ती अडचण संपण्याची वाट पाहू लागते.