रंगाआधी बंपर काढताना या चुका टाळा

पद्मिनी किंवा ॲम्बेसेडर रंगवायला घेतली की पेंटर हमखास विचारतो, "बंपर काढू, की टेप मारून भागवू?" अलिबाग असो की वेंगुर्ला, उत्तर एकच द्या: काढा. खाऱ्या वाऱ्यात राहिलेल्या गाडीचा गंज बंपरच्या पाठीमागेच दडलेला असतो. तिथे चिखल अडकतो, पावसाळाभर ओला राहतो आणि किनाऱ्यालगत त्यात मीठही असतं. नवा रंग टेपच्या कडेपाशी संपवला तर पहिला तिथूनच उचलतो.

सगळ्यात महाग पडते ती घाई. जाम झालेला नट जोर लावून पिळला की बोल्ट तुटतो, नाहीतर बंपरला चासीशी, म्हणजे गाडीच्या सांगाड्याशी, जोडणारं ब्रॅकेट वाकतं. ॲम्बेसेडर २०१४ साली बंद झाली, पद्मिनी त्याच्या बरीच आधी. नवं ब्रॅकेट मिळेल या भरवशावर जुनं खराब करू नका. आधी दिसणारे आटे तारेच्या ब्रशने घासा, मग पेनिट्रेटिंग ऑइल (गंजात मुरणारं पातळ तेल) मारा. गंजाच्या पापुद्र्यावरून मारलेलं तेल आत उतरतच नाही. रात्रभर मुरू द्या, सकाळी पुन्हा मारा आणि नटाच्या बाजूंवर हातोडीचे हलके ठोके द्या. फिक्स पान्याने गंजलेल्या नटाचे कोपरे जातात, म्हणून सहाकोनी सॉकेट किंवा नीट बसणारा रिंग पाना वापरा. नट आधी किंचित आवळून बघा, मग सोडा. थोडा हलला की थांबा, तेल द्या, परत आवळा, परत सोडा. आट्यांतून तांबूस तेल बाहेर येऊ लागलं की काम जमतंय असं समजा.

नटाबरोबर बोल्टही फिरतोय? ही नेहमीची अडचण. पुढच्या क्रोमच्या बोल्टचं डोकं गोल गुळगुळीत असतं, पाना धरणार कुठे? त्याला पकडून ठेवतो तो डोक्याखालचा चौकोनी भाग, आणि बंपरमधलं चौकोनी भोक गंजून मोठं झालं की ती पकड सुटते. अशा वेळी पुढून व्हाइस ग्रिप (आवळून अडकून राहणारी पक्कड) लावू नका, क्रोम कायमचं ओरबाडलं जातं. मागून नट चिरून काढा. त्याहून बरं म्हणजे या बोल्टना हातच लावू नका, ब्रॅकेट चासीकडून सोडा. बंपर ब्रॅकेटसकट बाहेर येतो आणि पुढचं काम टेबलावर निवांत करता येतं.

मागच्या बंपरपाशी गॅस कटर अजिबात नको. पेट्रोलची टाकी तिथेच असते, आणि रिकाम्या टाकीतली वाफही पेट घेते. ग्राइंडरही टाकीपासून लांबच ठेवा. पुढच्या बंपरवर ग्राइंडर चालवताना काचांवर आणि क्रोमवर ओलं गोणपाट टाका, नाहीतर ठिणग्या रुतून बसतात आणि पुढे तपकिरी ठिपके उमटतात.

नंबरप्लेटच्या दिव्याची वायर आधी सोडा. शेवटच्या बोल्टला दुसरा माणूस हाताशी हवाच. बंपर एका बाजूने सुटला की दुसरं टोक मडगार्डचा पत्रा चेपतं. कुठल्या बाजूला किती वॉशर होते त्याचा फोटो काढून ठेवा.

आता आपल्याकडे हमखास राहणारी गोष्ट: मीठ धुणं. गंज घासण्याआधी उघडा झालेला पत्रा गोड्या पाण्याने भरपूर धुवा. मीठ तसंच राहिलं तर प्रायमरखाली फोड येतात, मग रंग कितीही भारी असो. किनाऱ्याजवळच्या बऱ्याच विहिरींचं पाणी मचूळ असतं, ते इथे चालणार नाही. लगेच पुसून पूर्ण वाळवा. हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असेल तर प्रायमर मारू नका. म्हणजे कोकणात हे काम पाऊस सरल्यावरच काढावं.

परत बसवताना आट्यांना ग्रीस लावा. आधी सगळे बोल्ट हातानेच धरवा, बंपर आणि पत्र्यामधली फट दोन्हीकडे सारखी आली की मग पाना लावा.